आधी माती, मग टायर

टायर बदलायला आलेल्या माणसाला अंबुजाक्का आधी पाऊल उचलायला सांगत. माणूस गोंधळे, एका हाताने भिंत धरी आणि पाय वर करी. अक्का वाकून चपलेच्या तळाला चिकटलेला चिखल नखाने खरवडून घेत, तांब्यातल्या पाण्याचे दोन थेंब त्यावर सोडत आणि अंगठ्याने तो तर्जनीवरून हळूहळू पुढे ढकलत. मातीची बारीक पट्टी बोटाबाहेर येऊ लागे. पट्टी लांब निघाली तर माती चिकण, लगेच तुटली तर वाळूची. मग मान वर करून त्या सांगत, तुम्ही साक्कोट्टै गावाकडून बांधावरून आलात, किंवा नदीच्या काठाने आलात. बहुतेक वेळा ते बरोबर असे. टायरचा विषय त्यानंतर निघे.

माझी चप्पल त्यांनी पाहिली त्याला अकरा वर्षं झाली. माझ्या बायकोची बँकेतून कुंभकोणमला बदली झाली आणि तिच्यामागून मी आणि आमची नऊ वर्षांची मुक्ता साताऱ्याहून इथे आलो. मला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम मिळालं. मुक्ताच्या सायकलचं पंक्चर काढायला मी पोट्रामरै तळ्यामागच्या गल्लीतल्या दुकानात गेलो आणि जुळवून आणलेलं तमिळ वाक्य म्हणू लागलो. स्टुलावर बसलेल्या साठीच्या बाईंनी ते पूर्ण होऊ दिलं आणि मग मराठीत विचारलं, "कोठले तुम्हीं?" माझ्या चपलेला पुस्तकांवरची धूळ तेवढी होती. ती बोटाने पुसून पाहत त्या म्हणाल्या, "तुम्हीं कोठेंच जात नाहींत." हे खरं होतं.

अक्कांचे पूर्वज मराठ्यांच्या काळात तंजावरकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. त्यांची मराठी मला पहिले काही महिने जुनी बखर मोठ्याने वाचल्यासारखी ऐकू येई. 'काय करताय' याला त्या 'काय करूलालां' म्हणत, 'मला'ला 'मज' म्हणत, आणि मध्येच एखादा तमिळ शब्द असा ठेवून देत की तोही मराठीच वाटावा. मला त्या 'देशावरले' म्हणत. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण ते त्यांनी कधी वापरलं नाही.

दुकान त्यांच्या यजमानांचं. अक्का स्वतः तीस वर्षं सरकारच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत होत्या. शेतकऱ्यांनी पिशव्यांतून पाठवलेली माती वाळवायची, चाळायची, तिच्यात काय आहे काय नाही ते लिहायचं. यजमान गेले त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. दुकान विकावं असं सगळे सांगत होते. अक्का एके सकाळी जाऊन कुलूप काढून बसल्या. पंक्चर काढणं त्यांना आधीपासून येत होतं. जाड टायरच्या, डोंगरात चालवायच्या सायकली तेव्हा गावात नुकत्या येऊ लागल्या होत्या. डॉक्टर, इंजिनिअर, कॉलेजातली मुलं त्या घेऊन कावेरीच्या काठाने, कालव्यांच्या भरावावरून हिंडत आणि सुट्टीत कोल्ली किंवा पच्चैमलै डोंगरांत जात. कोणता टायर कुठे चालतो हे गावात कोणालाच नीट माहीत नव्हतं. माती कुठे कशी असते हे मात्र अक्कांना माहीत होतं.

मी संध्याकाळी ग्रंथालयातून परतताना तिथे बसू लागलो, आणि ज्या विषयाशी माझा काही संबंध नव्हता तो मला समजू लागला. कडक वाळलेल्या वाटेला बुटके, जवळजवळ बसवलेले दाते. चाक हलकं पळतं. चिखलाला उंच आणि विरळ दाते, म्हणजे मधल्या फटींतून चिखल झडून जातो. वाळूला रुंद टायर आणि कमी हवा. दगडधोंड्यांना जाड कडांचा टायर, नाहीतर धारदार दगड कड फाडतो. ओल्या मुळांवर मऊ रबर, कारण कडक रबर तिथे साबणासारखं सुटतं. आणि दोन्ही चाकांना एकच टायर घालायचा असं कुठे लिहिलेलं नाही. "पुढलें चाक वाट विचारतें, मागलें नुसतें मागें येतें," अक्का म्हणत. म्हणून पकड पुढच्या टायरला जास्त हवी, मागचा थोडा गुळगुळीत असला तरी चालतो. हवा ठासून भरणाऱ्यांचा त्यांना राग होता. "हवा कमी करा, घमेंड आपोआप उतरते," हे वाक्य मी तमिळ आणि मराठी दोन्हींत शंभरदा ऐकलं असेल.

एकदा एक दातांचे डॉक्टर बंगळूरहून चिखलाचे भलेमोठे टायर घेऊन आले आणि बसवून द्या म्हणाले. अक्कांनी विचारलं, जाता कुठे? ते दर रविवारी तिरुविडैमरुदूरपर्यंत जाऊन येत, डांबरी रस्त्याने. अक्कांनी टायर हातात घेऊन त्याचे दाते एकेक दाबून पाहिले आणि गंभीरपणे सांगितलं की हे बसवले तर वाटेतल्या सगळ्या गावांना पहाटे गजर लावायची गरज उरणार नाही. डॉक्टर थोडे रागावले. अक्कांनी टायर बसवले नाहीत. पुढच्या रविवारी डॉक्टर दुसऱ्या दुकानातून बसवून घेऊन गेले आणि त्याच्या पुढच्या रविवारी परत अक्कांकडे आले. गावातली कुत्री अर्धा कोस मागे लागली होती म्हणे.

मुक्ता मोठी होत होती ती त्या दुकानात. बारा-तेराव्या वर्षी ती टायर उतरवून चढवू लागली, पंधराव्या वर्षी चिखलाची पट्टी काढू लागली. मला कविता पाठ करणारी मुलगी हवी होती. ती हाताला काळं लावून येई. पण अक्का तिला ज्या तऱ्हेने शिकवत ते पाहून माझ्यातल्या ग्रंथपालालाही आदर वाटे. त्या उत्तर कधी देत नसत. दोन टायर पुढे ठेवत आणि उठून आत जात. मुक्ताने निवडलं की परत येऊन फक्त विचारत, "कां?" कारण सांगता आलं तर निवड चुकली तरी चाले. कारण नसेल तर बरोबर निवडही नापास.

मुक्ता अठरा वर्षांची झाली तेव्हा कोल्ली डोंगरावरून पायवाटेने सायकलवर उतरणाऱ्यांच्या गटाने तिला बोलावलं. डोंगर तिने तोवर पाहिला नव्हता. अक्कांनीही ती वाट पाहिली नव्हती. योगायोगाने महिनाभर आधी आमच्या महाविद्यालयाची सहल तिथे जात होती. अक्कांनी मला बोलावून सांगितलं की वाटेवरची तीन ठिकाणची माती मूठमूठ घेऊन या, माथ्यावरची, मधल्या कॉफीच्या झाडांतली आणि खालच्या ओढ्याजवळची.

मी घेऊन आलो. आणि घरी आल्यावर मी जे केलं ते सांगण्यासाठी मला एक वर्ष मागे जावं लागेल. माझ्या गच्चीवर कढीलिंबाची कुंडी आहे. तिची पानं पिवळी पडत होती म्हणून मी आदल्या वर्षी तिची माती कागदात बांधून अक्कांकडे नेली होती. त्यांनी हसून परत पाठवलं होतं. "अशी ओली कोण पाहतें? सावलींत वाळवा, पालापाचोळा काढा, चाळून आणा." मी आज्ञाधारक माणूस आहे. कोल्लीची माती आणल्यावर मी तीन वर्तमानपत्रांवर ती वेगवेगळी पसरली, तीन दिवस सावलीत वाळवली, पानं आणि मुळांचे तुकडे आणि खडे वेचून टाकले, पिठाच्या चाळणीने चाळली, तीन पुड्या बांधल्या आणि प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात ठिकाण लिहिलं. अक्कांनी पुड्या पाहून माझ्या अक्षराचं कौतुक केलं. माती पाणी लावून मळली, पट्टी काढली, वास घेतला. तिन्ही ठिकाणी सुटी, भुसभुशीत माती, फार चिकण नाही. मुक्तापुढे दोन जोड्या ठेवून त्या आत गेल्या. मुक्ताने पुढे मध्यम दात्यांचा आणि मागे बुटक्या दात्यांचा, पळणारा टायर निवडला आणि कारणही सांगितलं. अक्का म्हणाल्या, सरी. ठीक.

कॉफीच्या झाडांखाली ऊन पोचत नव्हतं. तिथे वर्षभराची पानं कुजून काळा, ओला थर झाला होता आणि त्याच्याखाली मुळं आडवी पसरली होती. उतरताना तिथल्या पहिल्याच वळणावर मागच्या टायरचे जवळजवळचे दाते त्या लगद्याने भरले आणि चाक नुसतं गोल रबर उरलं. मुक्ता उजव्या खांद्यावर पडली. गळ्याजवळचं हाड मोडलं, मनगटही. मागून येणाऱ्यांनी तिला उचलून रस्त्यापर्यंत आणलं.

आम्ही तिला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का आल्या. खुर्ची दिली ती न घेता त्या मुक्ताच्या पलंगाजवळ जमिनीवर बसल्या. बायकोने कॉफी आणली होती, पेला माझ्या हातात होता. अक्का मुक्ताला म्हणाल्या, "निवडलें तूं, पण सरी म्हणाल्यें मी. वाट न पाहतां म्हणाल्यें. चूक माझी."

त्या क्षणी मला ती पिठाची चाळणी आठवली. वर्तमानपत्राच्या कडेला मी वेचून ठेवलेला कुजक्या पानांचा ढीग आठवला. मी तो कचऱ्यात टाकला होता. बोलण्यासाठी एक वाक्य पुरलं असतं. मी पेला अक्कांच्या पुढे ठेवला आणि सांगितलं, गरम आहे.

हाड जुळलं. मुक्ता पुन्हा सायकल चालवू लागली, पण अक्कांकडे जाईना. भांडण नव्हतं. मोबाइलवर वाचून ती टायर मागवी आणि घरीच बसवी. मी विचारलं तर म्हणाली की अक्का आता म्हाताऱ्या झाल्या, आणि सपाट गावात बसून डोंगराचं काय कळणार. हे वाक्य ती कोणाकडून तरी ऐकून आली होती, कारण गावातले इतर सायकलवालेही तेच म्हणू लागले होते. अक्कांनी एवढंच केलं की मुक्ताने परत पाठवलेले ते दोन टायर दुकानाच्या दर्शनी खिळ्याला टांगले, आणि डोंगरात जायला टायर मागणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवून सांगू लागल्या की हे मी चुकीचे सांगितले होते, तेव्हा मला नीट प्रश्न विचारा.

मी रोज त्या टायरांसमोरून ग्रंथालयात जात होतो. आधी संध्याकाळी तिथे बसणं कमी केलं, मग वाट बदलली. अक्का भेटल्या तर मुक्ताचा खांदा कसा आहे एवढं विचारत. त्यांची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी माझ्या गप्प बसण्यामुळे त्यांच्यापासून तुटली होती आणि हे ठाऊक असलेला मी एकटाच आहे असं मला वाटत होतं. असं वर्ष गेलं.

शेवटी एका दुपारी, दुकानात कोणी नसताना, मी गेलो आणि सांगितलं. वाळवलं, वेचलं, चाळलं, सगळं क्रमाने सांगितलं. अक्का एका ट्यूबला ठिगळ लावत होत्या. त्यांनी ठिगळ पूर्ण दाबून घेतलं.

"मज ठाऊक अस्से," त्या म्हणाल्या. "मुलगी पडली त्या दिवशींच उरलेली पुडी उघडून पाहिल्यें. एक खडा नाहीं, एक मूळ नाहीं. रानांतली माती अशी असते काय?"

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत?

"काय बोलूं? तीस वर्षें चाळलेली माती हातांत घेतल्यें. तुम्हीं चाळून आणलां, तीच मज ओळखीची दिसली. एखाद्या शेतकऱ्याची पोर असती तर लगेच विचारती, अहो, ह्यांतला पाला कोठें गेला? मीं विचारल्यें नाहीं. तर चूक कोणाची?"

मी म्हणालो, निदान ते टायर तरी उतरवा. मी बाहेर सर्वांना सांगतो.

त्या हसल्या. मी चुकू शकते हे कळल्यापासून लोक मला दहा प्रश्न विचारतात, म्हणाल्या, पूर्वी नुसते पाय वर करत. बाहेर कोणाला काही सांगू नका. तसं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. मग ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का पाहत म्हणाल्या, "पण मुलीला सांगा. आजच सांगा. ती माझ्यावर रागावली तर चालेल. पण पडली कां, हें तिला ठाऊक नाहीं, तें चालत नाहीं."

संध्याकाळी मी मुक्ताला सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "एक वर्ष, बाबा." आणि चपला घालून बाहेर गेली.

दुकानात काय झालं ते मला नंतर अक्कांनी सांगितलं, म्हणजे काहीच झालं नाही असं सांगितलं. मुक्ता येऊन उभी राहिली. अक्कांनी तिला चाक धरायला दिलं. दोन तास दोघी काम करत होत्या. निघताना मुक्ताने विचारलं की कॉफीच्या झाडांतल्या त्या वळणाला कोणता टायर लागेल, आणि अक्कांनी सांगितलं की पाहिल्याशिवाय सांगणार नाही.

म्हणून मुक्ताची सायकल बसच्या टपावर टाकून आम्ही तिघं कोल्ली डोंगराला गेलो. अक्का एकोणसत्तर वर्षांच्या होत्या, गुडघे दुखत होते, घाटाच्या वळणांवर बसमध्ये त्यांना दोनदा उलटी झाली. वर पोचल्यावर त्यांनी चपला काढून माझ्या हातात दिल्या, पदर खोचला आणि काठी टेकत त्या वाटेने उतरू लागल्या. मी त्यांचा दंड धरायला गेलो तर म्हणाल्या, तुम्ही चपला धरा, त्या महत्त्वाच्या आहेत. कॉफीच्या झाडांखाली आल्यावर त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि त्या काळ्या थरावर अनवाणी उभ्या राहिल्या. पायाची बोटं आत रुतवली, उचलली, बोटांमध्ये काय अडकलं ते पाहिलं. टाचेने मूळ शोधलं, त्यावर पाय घासून पाहिला. हे त्यांनी त्या वळणावर सात-आठ जागी केलं. वरच्या कोरड्या भागात त्यांनी फार वेळ घालवला नाही. मुक्ता त्यांच्या मागून, सायकल हाताने ढकलत, त्यांच्याच पावलांत पाय ठेवत अनवाणी चालत होती.

मुक्ताने टायरच्या दोन जोड्या पाठीवर बांधून आणल्या होत्या. अक्का दगडावर बसल्या, पाय पुसले, आणि या वेळी उठून कुठे गेल्या नाहीत. मुक्ताने उंच, विरळ दात्यांचा मऊ टायर पुढे लावला, मागे त्याहून थोडा बुटका पण तसाच विरळ. हवा इतकी कमी केली की मला भीती वाटली. अक्कांनी 'कां' विचारलं नाही. त्यांनी अंगठ्याने टायर दाबून पाहिला आणि आणखी थोडी हवा सोडली.

मुक्ता सायकल परत वर नेऊन तिथून उतरत आली तेव्हा मी डोळे मिटले होते. अक्कांनी मिटले नव्हते. चाकांचा ओल्या पानांतून जातानाचा आवाज आला आणि तो खाली खाली जात राहिला. डोळे उघडले तेव्हा अक्का वळणावर ओणव्या होऊन टायरची खूण पाहत होत्या. प्रत्येक दात्याचा ठसा स्वच्छ, वेगळा उमटला होता. मुळावरून जाताना तो कुठेही सरकलेला नव्हता. त्यांनी मला बोलावून तो दाखवला. मला त्यातलं जेवढं कळलं त्याहून त्यांच्या चेहऱ्यावरून जास्त कळलं.

पुढच्या ऐप्पसी महिन्यात, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, नदी भरून वाहत असताना, अक्का गेल्या. सकाळी दुकान उघडून स्टुलावर बसल्या आणि भिंतीला टेकल्या, एवढंच. त्यांचा पुतण्या तिरुविसनल्लूरहून आला आणि सगळं रीतीप्रमाणे झालं. मी मराठीत त्यांच्याशी बोलत असे त्या वेळा आता रिकाम्या आहेत. त्या वेळी मी वाचायला बसतो आणि पान उलटायचं विसरतो.

तेराव्या दिवसानंतर पुतण्याने दुकान झाडण्यासाठी उघडलं तेव्हा गावातले बरेच सायकलवाले जमले. प्रत्येकजण एकेक आठवण सांगत होता. दातांच्या डॉक्टरांनी कुत्र्यांची गोष्ट सांगितली आणि लोक हसले. मग तेच डॉक्टर प्रेमाने म्हणाले की एवढ्या वर्षांत अक्का एकदाच चुकल्या, त्या कोल्लीच्या वेळी, आणि तेही किती मोकळेपणाने कबूल केलं.

मी खाली पाहत होतो. मी शब्द दिला होता. मुक्ताने कोणालाच शब्द दिला नव्हता. ती तमिळमध्ये, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अक्का चुकल्या नव्हत्या. आमच्या बाबांनी माती चाळून दिली होती."

सगळे माझ्याकडे वळले. मी हो म्हणालो.